जवळचे कोण, दूरचे कोण: लोकसमूहांमधील जनुकीय साम्याची मोजणी

दोन लोकसमूह जनुकीयदृष्ट्या एकमेकांच्या किती जवळ आहेत, हा प्रश्न संख्याशास्त्रापुढे येतो तेव्हा त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, आणि उत्तराचे स्वरूप बहुतेक वेळा तोच ठरवतो: समूह म्हणून कोणाला धरायचे? बंगळूरच्या शिवाजीनगरवरून हे चांगले समजते. १८०९ मध्ये ब्रिटिशांनी उभारलेल्या छावणीच्या बाजारवस्तीतून हा भाग वाढला, पूर्वी त्याला ब्लॅकपल्ली म्हणत, आणि छावणीच्या नोकरी-व्यापाराच्या निमित्ताने येथे तमिळ, तेलुगू व कानडी बोलणारी कुटुंबे, दख्खनी उर्दू बोलणारे मुसलमान, ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन शेजारी शेजारी राहू लागले. बंगळूरचे मराठी कुटुंबांशी नाते तर त्याहून जुने, शहाजीराजांच्या जहागिरीपर्यंत मागे जाणारे आहे. रसेल मार्केट, सेंट मेरी बॅसिलिका आणि बाउरिंग रुग्णालय यांच्या परिसरात रोज एकमेकांना भेटणारी ही माणसे एकाच बाजारात भाजी घेतात, एकाच दवाखान्याच्या रांगेत उभी राहतात. पण सोयरीक जुळवायची वेळ आली की प्रत्येक घराची नजर वेगवेगळ्या गावांकडे आणि वेगवेगळ्या जातींकडे वळते. लोकसंख्या-जनुकशास्त्राच्या दृष्टीने ज्यांची लग्ने आपापसांत होतात तो समूह, आणि या अर्थाने शिवाजीनगर हा एक समूह नसून अनेक समूहांचा शेजार आहे.

हा फरक केवळ व्याख्येचा नाही, तो आकड्यांत दिसतो. प्रत्येक माणसाकडे बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून व एक वडिलांकडून आलेली, आणि एकाच जनुकाची जी पर्यायी रूपे आढळतात त्यांना ॲलील म्हणतात. दोन्ही प्रती सारख्या असतील तर व्यक्ती त्या जनुकापुरती समयुग्मी आणि वेगळ्या असतील तर विषमयुग्मी. इंग्रज गणितज्ञ जी. एच. हार्डी आणि जर्मन वैद्य विल्हेल्म वाइनबर्ग यांनी १९०८ मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिले की समूह मोठा असेल आणि त्यात लग्ने त्या जनुकाचा विचार न होता होत असतील, तर केवळ ॲलीलच्या वारंवारतेवरून समयुग्मी व विषमयुग्मी व्यक्तींचे प्रमाण सांगता येते. आता अशी कल्पना करावी की शिवाजीनगरातील एखाद्या रक्तपेढीत दोन समूहांतील लोक सारख्याच संख्येने येतात, एका समूहात एखाद्या ॲलीलची वारंवारता २० टक्के आहे आणि दुसऱ्यात ६० टक्के. पहिल्यात ३२ टक्के लोक विषमयुग्मी असतील, दुसऱ्यात ४८ टक्के, म्हणजे सरासरी ४० टक्के. परंतु रक्तपेढीने दोन्ही समूह एकत्र करून सरासरी वारंवारता ४० टक्के धरली, तर सूत्र सांगते की विषमयुग्मी व्यक्ती ४८ टक्के असायला हव्यात. हिशेबातील ही ८ टक्क्यांची तूट कोणत्याही आजारामुळे किंवा चाचणीतील दोषामुळे आलेली नसते; ज्यांच्यात लग्नसंबंध होत नाहीत अशांना एक समूह मानल्यामुळे ती निर्माण होते. स्वीडिश शास्त्रज्ञ स्टेन वालुंड याने १९२८ मध्ये ती प्रथम दाखवली, म्हणून तिला वालुंड परिणाम म्हणतात.

हीच तूट अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ सिवॉल राइट याने अंतराचे माप म्हणून वापरली. अपेक्षित ४८ टक्क्यांपैकी ८ टक्के कमी पडले, म्हणजे सहावा हिस्सा, साधारण ०.१७, या गुणोत्तराला एफएसटी म्हणतात. दोन्ही समूहांत वारंवारता अगदी सारखी असेल तर एफएसटी शून्य येते, आणि एका समूहात फक्त एक ॲलील व दुसऱ्यात फक्त दुसराच असेल तर ते एक होते. वरच्या उदाहरणातील अंतर समजण्यासाठी मुद्दाम फुगवले आहे. प्रत्यक्षात हजारो जनुकस्थानांची सरासरी काढली की भारतीय जातिसमूहांमधील एफएसटी साधारण एक टक्क्याच्या आसपास येते. एक टक्का म्हणजे नगण्य, असे वाटणे साहजिक आहे. पण या एका टक्क्याचा अर्थ काय लावायचा यावर या शास्त्रातील अर्धी चर्चा खर्ची पडली आहे.

जनुके प्रयोगशाळेत वाचता येऊ लागण्यापूर्वी हीच मोजणी शरीराच्या मापांवरून होत असे, आणि या क्षेत्रातील सर्वांत टिकाऊ साधनांपैकी एक साधन भारतात घडले. त्याचा उगम नागपूरशी जोडलेला आहे. १९२० साली नागपूरला भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात प्रशांतचंद्र महालनोबिस या तरुण भौतिकशास्त्रज्ञाची भेट प्राणिशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेचे संचालक नेल्सन ॲनंडेल यांच्याशी झाली. कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांची मापे ॲनंडेल यांच्याकडे होती, ती तपासण्याचे काम त्यांनी महालनोबिस यांच्यावर सोपवले, आणि १९२२ मध्ये त्यावरचा पहिला निबंध निघाला. त्या काळी वसाहतकालीन अधिकारी हर्बर्ट रिझ्ली यांच्या नासिकामापनाचा मोठा दबदबा होता. नाकाची रुंदी आणि लांबी यांच्या गुणोत्तरावरून जातीचा सामाजिक दर्जा ओळखता येतो, इथपर्यंत त्यांचा दावा पोचला होता. एकाच मापावर इतकी मोठी इमारत उभी करण्यातला धोका महालनोबिस यांनी ओळखला, आणि पुढे १९३३ मध्ये रिझ्ली यांच्या आकडेवारीची त्यांनी नव्याने छाननीही केली.

अनेक मापे एकत्र घ्यायची तर ती कशी घ्यावीत, ही खरी अडचण होती. उंची आणि हाताची लांबी ही दोन मापे घेतली आणि दोन्हींत फरक आढळला, तर तो दोन स्वतंत्र फरकांचा पुरावा मानता येत नाही, कारण उंच माणसाचे हात बहुधा लांबच असतात. एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. १९३६ मध्ये महालनोबिस यांनी मांडलेले व्यापक अंतर, जे डी-वर्ग या नावाने ओळखले जाते, हा सहसंबंध वजा करून मग अंतर काढते. समजा दोन मापांमधील सहसंबंध ०.८ आहे आणि दोन समूहांच्या सरासरींत प्रत्येक मापात एका प्रमाण विचलनाचा फरक आहे. मापे स्वतंत्र मानली तर अंतराचा वर्ग दोन येतो. पहिला समूह दोन्ही मापांत मोठा असेल, तर डी-वर्ग फक्त १.११ येतो, कारण उंच समूहाचे हात लांब असण्यात नवे काही नाही. परंतु तो समूह उंचीत मोठा आणि हाताच्या लांबीत लहान निघाला, तर डी-वर्ग थेट दहावर जातो. फरकांची परिमाणे तीच, केवळ त्यांची दिशा बदलली. सर्वसाधारण घडणीच्या विरुद्ध जाणारा फरक अधिक बोलका असतो, ही गोष्ट या सूत्रात नेमकी उतरली आहे. आज बँकेच्या व्यवहारांतील संशयास्पद नोंदी हुडकण्यापासून उपग्रहचित्रांच्या वर्गीकरणापर्यंत महालनोबिस अंतर वापरले जाते, आणि त्याचा जन्म माणसांच्या मापांतून झाला हे वापरणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसते.

या पद्धतीचा मोठा वापर १९४१ च्या संयुक्त प्रांतातील मानवमितीय सर्वेक्षणात झाला. महालनोबिस, मानवशास्त्रज्ञ डी. एन. मजुमदार आणि संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी त्याचा वृत्तांत १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. राव यांचा जन्म आजच्या कर्नाटकातील हूविन हडगलीचा. पुढे केंब्रिजमध्ये सुदानमधील जेबेल मोया येथील प्राचीन सांगाड्यांच्या मापांवर त्यांनी हेच तंत्र चालवले.

महाराष्ट्रात हा धागा इरावती कर्वे यांनी हाती घेतला. बर्लिनमध्ये त्यांनी मानवी कवटीच्या असममितीवर संशोधन केले होते आणि युरोपीय कवट्या इतरांपेक्षा वेगळ्या व श्रेष्ठ ठराव्यात अशी अपेक्षा बाळगणारे त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचे गृहीतक आकड्यांत उतरत नाही, असा निष्कर्ष न डगमगता मांडला होता. नाझी राजवटीच्या वंशविचाराला ज्या संस्थेने पुढे शास्त्राचा मुलामा दिला, त्याच संस्थेत बसून काढलेला हा निष्कर्ष भारतीय विज्ञानाच्या इतिहासात आजवर मिळाले त्याहून कितीतरी अधिक मानाने सांगितला जायला हवा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्यावर कर्वे यांनी महाराष्ट्रातील अनेक जातिसमूहांची मापे घेतली, आणि पुढे अर्थशास्त्रज्ञ म्हणून ख्याती पावलेले वि. म. दांडेकर यांच्या साहाय्याने १९५१ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांच्या मनातला प्रश्न नेमका होता. ब्राह्मण किंवा कुणबी यांसारख्या नावाखाली अनेक पोटजाती येतात. त्या एका मूळ समूहाच्या फुटलेल्या शाखा आहेत, की मुळात निरनिराळे असलेले समूह व्यवसाय आणि दर्जा यांच्या सारखेपणामुळे एका नावाखाली आले? फुटून वेगळ्या झालेल्या शाखा असतील, तर त्या एकमेकींना जवळच्या आणि त्याच प्रदेशातील इतर जातींपासून दूर निघाल्या पाहिजेत. १९६८ मध्ये कर्वे आणि कैलाश मल्होत्रा यांनी एकाच दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची, म्हणजे महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींची, शारीरिक मापे, रक्तगट आणि इतर लक्षणे यांवरून तुलना केली, तेव्हा हे गट एकजिनसी नसल्याचे दिसले. ज्या समूहाचे नाव एक, दर्जा एक आणि धर्मविधीही बहुतांशी एक, त्याच्या आतही लग्नाच्या सीमा जैविक सीमा बनून राहिलेल्या होत्या. जाती एकत्र येऊन जातिसंकुल बनते, या कर्वे यांच्या मांडणीला त्यातून बळ मिळाले.

शरीराच्या मापांत आहार, श्रम आणि आजार यांचा वाटा मिसळलेला असतो. रक्तगटांत तो नसतो, म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यापासून मोजणी रक्ताकडे वळली. मुंबईचे या इतिहासातील स्थान एका दुर्मिळ रक्तगटामुळे पक्के झाले आहे. १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ए, बी किंवा ओ यांपैकी कोणतेही रक्त न चालणाऱ्या माणसांची नोंद केली, आणि हा गट बॉम्बे रक्तगट म्हणून जगभर ओळखला गेला. एच नावाच्या पायाभूत प्रतिजनाचे जनुक दोन्ही प्रतींत निकामी असेल तरच तो दिसतो. भारतात त्याचे प्रमाण साधारण दहा हजारांत एक असे सांगितले जाते. हार्डी-वाइनबर्ग सूत्र त्यावरून असे सांगते की निकामी ॲलीलची वारंवारता शंभरात एक आहे, आणि तो एकाच प्रतीत बाळगणारी, पूर्णपणे निरोगी माणसे पन्नासांत एक आहेत.

पण हा हिशेब लग्ने यदृच्छेने होतात या गृहीतावर उभा आहे, आणि बंगळूरमध्ये ते गृहीत कोलमडते. मामा-भाचीचे लग्न दक्षिण भारतात प्रचलित आहे. महाराष्ट्रात अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालते, पण थेट भाचीशी सहसा नाही, आणि म्हणूनच कर्वे यांनी महाराष्ट्राला उत्तर व दक्षिण यांच्या मधल्या नातेव्यवस्थेच्या पट्ट्यात बसवले होते. अशा लग्नातील अपत्याला एकाच पूर्वजाकडून आलेल्या एकाच ॲलीलच्या दोन्ही प्रती मिळण्याची जी शक्यता असते, तिला अंतःप्रजनन गुणांक म्हणतात. तो काढण्याची राइटची रीत वंशावळ समोर ठेवली की सहज कळते. मामाचे आईवडील हेच भाचीचे आजी-आजोबा. मामापासून आजीपर्यंत, तेथून भाचीच्या आईपर्यंत आणि पुढे भाचीपर्यंतच्या वाटेवर चार माणसे येतात, प्रत्येकापाशी ॲलील पुढे जाण्याची शक्यता निम्मी होते, म्हणून ही वाट एक सोळांश देते. आजोबांकडून जाणारी दुसरी वाट तेवढीच, आणि बेरीज एक अष्टमांश. आते-मामे भावंडांच्या लग्नात हाच गुणांक एक सोळांश येतो. बॉम्बे रक्तगटाइतक्या दुर्मिळ लक्षणाची शक्यता त्यामुळे दहा हजारांत एकावरून आते-मामे भावंडांच्या अपत्यांत सातांवर आणि मामा-भाचीच्या अपत्यांत तेरांवर जाते.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एन. अप्पाजी राव आणि त्यांच्यासह काम करणारे ए. एच. बिटल्स यांनी १९८० च्या दशकात बंगळूर व म्हैसूर येथील एक लाखाहून अधिक जोडप्यांच्या लग्नसंबंधांचा अभ्यास केला. त्यांत जवळपास तीनांतील एक लग्न नात्यातले निघाले आणि सरासरी गुणांक ०.०३ च्या आसपास आला. हिंदूंमध्ये मामा-भाचीची, तर मुसलमानांमध्ये चुलत-आते-मामे-मावस भावंडांची लग्ने अधिक होती. म्हणजे शिवाजीनगरसारख्या वस्तीत दोन शेजारी समूहांतील सरासरी ॲलील-वारंवारता समजा सारखी असली, तरी समयुग्मी व्यक्तींचे प्रमाण मात्र निरनिराळे निघू शकते.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात, आणि लोकप्रिय लेखनात त्यांचा घोळ वारंवार होतो. जवळच्या नात्यातील लग्नांमुळे समूहाच्या आत विषमयुग्मी व्यक्ती कमी होतात, त्या मापाला एफआयएस म्हणतात. जातीबाहेर लग्न न केल्यामुळे समूहांमध्ये अंतर पडते, ते एफएसटी. सगोत्र विवाह वर्ज्य करणारा समाज पहिल्या मापात निर्दोष ठरू शकतो आणि तरीही दुसऱ्या मापात त्याचा आकडा मोठा असू शकतो. गोत्र केवळ बापाच्या बाजूची एक रेघ पाहते. वीस पिढ्यांमागच्या पूर्वजांपैकी तिला फार थोडे दिसतात. मूळ समूह पाचशे माणसांचा असेल आणि तो चाळीस पिढ्या आतल्या आत लग्ने करत राहिला, तर केवळ योगायोगाने काही ॲलील वाढतात, काही नाहीसे होतात, आणि मूळ वैविध्याचा सुमारे चार टक्के भाग लोप पावतो. गोत्र कितीही कसोशीने पाळले तरी ही झीज थांबत नाही.

समूहांच्या आत किती आणि समूहांमध्ये किती, या वाटणीचा सर्वांत गाजलेला हिशेब १९७२ मध्ये रिचर्ड ल्युऑन्टिन याने मांडला. सतरा जनुकस्थानांवरून त्याने दाखवले की माणसांमधील जनुकीय वैविध्याचा सुमारे ८५ टक्के भाग एकेका लोकसमूहाच्या आतच असतो, आणि ज्यांना वंश म्हटले जाते त्यांच्यामधील फरकांचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास राहतो. हा आकडा आजवर टिकून आहे. २००३ मध्ये केंब्रिजचे ए. डब्ल्यू. एफ. एडवर्ड्ज यांनी त्यावर एक गणिती पुस्ती जोडली: एका जनुकस्थानावर समूह ओळखता येत नाही म्हणून अनेकांवरही येणार नाही, असे होत नाही. एक ॲलील एका समूहात ३० टक्के व दुसऱ्यात ७० टक्के असेल, तर एकाच प्रतीवरून माणसाचा समूह सांगताना शंभरात तीस वेळा चूक होते. अशी दहा स्वतंत्र स्थाने घेतली तर दहा वेळा, आणि वीस घेतली तर सुमारे तीन वेळा. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. माणूस कोठून आला हे पुरेशा खुणांवरून ओळखता येते, आणि तरीही त्या खुणांखेरीज त्याच्याबद्दल फारसे काही कळत नाही; वंशश्रेष्ठत्वाचा दावा करणारे यातले पहिले विधान उचलतात आणि दुसरे सोडून देतात.

एकविसाव्या शतकात लाखो जनुकखुणा एकदम वाचता येऊ लागल्या. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे कुमारसामी थंगराज व लालजी सिंग आणि अमेरिकेतील डेव्हिड राइक यांच्या गटाने २५ भारतीय समूहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेक भारतीय दोन प्राचीन वंशधारांच्या मिश्रणातून आले असून त्यांतील एका धारेचा वाटा त्यांच्या नमुन्यांत ३९ ते ७१ टक्क्यांपर्यंत बदलतो, असे त्यांत आढळले. मिश्रण ओळखण्याच्या त्यांच्या चाचणीमागची कल्पना सोपी आहे: एखादा समूह दोन स्रोतांच्या मिश्रणातून बनला असेल, तर त्यातील ॲलीलची वारंवारता दोन्ही स्रोतांच्या मध्ये पडते, म्हणून दोन्ही स्रोतांपासूनच्या त्याच्या फरकांचा गुणाकार सरासरीने ऋण येतो. शून्याखालचा आकडा हा मिश्रणाचा खात्रीचा पुरावा असतो. त्याच अभ्यासात भारतीय समूहांमधील वारंवारतेचे फरक युरोपातील समूहांमधल्या फरकांपेक्षा मोठे आढळले, आणि थोड्या मूळ पुरुष-स्त्रियांपासून वाढलेले समूह पिढ्यानपिढ्या अंतर्विवाही राहिल्याचा तो परिणाम ठरवण्यात आला. याला संस्थापक परिणाम म्हणतात.

कोकणातील बेने इस्राएल समाजाचा अभ्यास या तंत्रांची ताकद व मर्यादा दोन्ही दाखवतो. घरात मराठी बोलणारा आणि तेलघाण्याचा व्यवसाय करताना शनिवारी काम बंद ठेवल्यामुळे शनवार तेली म्हटला जाणारा हा समाज स्वतःची ज्यू परंपरा सांगत आला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अठरा व्यक्तींच्या जनुकांवरून त्यांच्यात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा मोठा वाटा असल्याचे, आणि ज्यू वाटा प्रामुख्याने पुरुषांकडून आल्याचे दिसले. गुणसूत्रांवर एकसंध राहिलेल्या वंशखंडांच्या लांबीवरून हे मिश्रण साधारण १९ ते ३३ पिढ्यांमागचे ठरते, कारण प्रत्येक पिढीत गुणसूत्रांची अदलाबदल होऊन हे खंड आखूड होत जातात. मात्र हा काळ मिश्रणाचा आहे, किनाऱ्यावर आगमनाचा नव्हे; पूर्वज त्याआधी किती काळ कोकणात राहत होते, हे वंशखंडांची लांबी सांगत नाही.

थंगराज व राइक यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दोन व्यक्तींना एकाच पूर्वजाकडून मिळालेल्या समान जनुकखंडांवरून दक्षिण आशियातील २६३ समूहांचा संस्थापक परिणाम मोजला. त्यांतील ८१ समूहांत तो फिनलंडचे लोक आणि अश्केनाझी ज्यू यांच्याहूनही तीव्र निघाला, आणि अशा समूहांपैकी चौदांची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक होती. समूह मोठा म्हणजे सुरक्षित, हा समज यामुळे टिकत नाही. आजची लोकसंख्या कितीही असो, महत्त्व मूळ संस्थापकांच्या संख्येला असते. दक्षिणेतील वैश्य समाजात ब्युटिरिलकोलिनेस्टरेज या विकराची कमतरता इतरांपेक्षा पुष्कळ अधिक आढळते. एरवी ती जाणवत नाही, पण शस्त्रक्रियेपूर्वी स्नायू शिथिल करण्यासाठी सक्सिनिलकोलीन टोचले तर ते शरीरात विघटित होत नाही, आणि काही मिनिटांत परतायला हवा तो श्वास तासन्‌तास यंत्रावर चालवावा लागतो. म्हणून भूल देणारे दक्षिणेतील डॉक्टर समाजाची चौकशी करतात. शिवाजीनगरातील एखाद्या शस्त्रक्रियागृहात मेजावर एकामागून एक येणाऱ्या दोन रुग्णांचा पिनकोड एकच असेल. या औषधापुरता त्यांचा धोका मात्र त्यांचे आजी-आजोबा कोणत्या घरांत लग्न करत आले यावर ठरतो, आणि रुग्णालयाच्या प्रवेशपत्रिकेवर पत्ता, वय व धर्म यांसाठी रकाने असले तरी ही माहिती विचारणारा रकाना सहसा नसतो.